दोन पुरुष पाणी

आमची बोट कामोठ्याला आली, त्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनने गेटवरच्या वहीत लिहिलं, 'सामान, मोठे'. पुढे टेम्पोचा नंबर आणि आमचा फ्लॅट नंबर. मी तेव्हा महाप्याला कंपनीत होते. क्वालिटी कंट्रोलला. दिवसभर व्हॉल्व्ह हातात घ्यायचे आणि त्यांच्यात खोट काढायची, यासाठी मला पगार मिळतो. घरी मी हे काम फुकट करते, असं नवऱ्याचं म्हणणं.

संध्याकाळी आले तर बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, आमच्या स्कूटरच्या जागी, सोळा फुटी फायबरची शिडाची बोट उपडी पडलेली. बाजूला डोलकाठी, म्हणजे शीड लावायचा खांब, आणि या सगळ्याशेजारी माझा नवरा. पहिलं पोर झाल्यावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभा होता, अगदी तसाच चेहरा.

"अहो, हे काय आहे?"

"फुकट मिळाली."

"मी किंमत नाही विचारली."

विमा कंपनीत तीस वर्षं लोकांच्या अपघातांचे फोटो तपासून तो नुकताच मुदतीआधी निवृत्त झाला होता. निवृत्त झाल्यावर कुणाचे गुडघे धरतात, कुणी अध्यात्म धरतं. याने बोट धरली. ज्याची ती होती त्याने छंद सोडला होता, आणि त्याच्या बायकोने छंद अंगणातूनही गेला पाहिजे अशी अट घातली होती. त्या बाईचा नंबर मी मागितला, मिळाला नाही.

आता, हा सोलापूरकडचा. मी माणमधली, जिथे माझ्या लहानपणी पाणी टँकरने यायचं आणि टँकरमागे पळणं हाच आमचा जलक्रीडेचा प्रकार होता. आम्हा दोघांच्या सात पिढ्यांत समुद्राला कुणाचे पाय लागले असतील तर ते लग्नानंतर, फोटोपुरते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. बोटीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "ही टू-व्हीलरमध्ये धरायची का फोर-व्हीलरमध्ये?"

"चाकंच नाहीत," नवरा म्हणाला.

"मग पार्किंग कसलं?"

एक महिन्याची मुदत मिळाली. त्या महिन्यात नवऱ्याने बोटीच्या बुडाची भोकं बुजवली. त्या रसायनाच्या वासाने तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅस गळतोय म्हणून दोनदा अख्खी बिल्डिंग खाली उतरवली. शीड फाटलेलं होतं. ते तो कळंबोलीला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे घेऊन गेला. त्या भल्या माणसाने शिवलं झकास, पण वर प्रेमाने चारी कडांना वीत-वीतभरावर पितळी रिंगांची भोकंही पाडून दिली. "दोरी बांधायला लागेल ना साहेब, माल उडतो," म्हणाला. बोटीच्या पोटातून खाली पाण्यात सोडायची एक लोखंडी पात असते. ती असली की बोट वाऱ्याने आडवी वाहवत जात नाही. आमची पात गंजून चाळण झाली होती. नवी घ्यायची, तीही कळंबोलीच्याच लोखंड बाजारात. तिथल्या शेठने विचारलं, "कितना टन?" नवरा म्हणाला, "एक तुकडा." शेठने त्याला चहा पाजला. दया आली असावी.

महिना संपला आणि बोट खाडीकाठच्या एका गावात गेली. तिथे आम्हाला काका भेटले.

काका पंचाहत्तरीच्या पुढचे. गावची जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर मुलाने चार मजले चढवले. काकांना काही काम उरलं नव्हतं. जेटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना नावं ठेवायचे. तरुणपणी ते बापाबरोबर शिडाच्या मचव्यातून मीठ वाहायचे. इंजिनं आली, मिठागरं गेली, मचवा सडला. त्यानंतर त्या खाडीत शीड म्हणून कुणी उभं केलं ते थेट माझ्या नवऱ्याने, तेही उलटं.

"साहेब," काका खुर्चीतूनच ओरडले, "ही होरी हाय का आंघोलीचा टब?"

काकांच्या बोलीत होडीची होरी होते आणि खाडीची खारी. नवरा हसला. नवऱ्यात एक गुण आहे, त्याला अपमान लवकर समजत नाही. त्याने काकांना विचारलं, "तुम्ही शिकवाल का?" काका खुर्चीतून उठले. पुढे त्यांच्या सुनेने मला सांगितलं की चार वर्षांत सासऱ्यांना जेवणाव्यतिरिक्त कशासाठी उठलेलं तिने पाहिलं नव्हतं.

पहिले दोन महिने मी काठावरच होते. टॉवेल, लिंबूसरबत आणि टोमणे ही खाती माझ्याकडे. नवरा शिडाची बोट मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकला होता, आणि व्हिडिओत एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. शिडाच्या खालची आडवी काठी वारा फिरला की सपकन या बाजूची त्या बाजूला जाते, आणि मध्ये डोकं असेल तर ते घेऊन जाते. तिसऱ्या टेंगळानंतर त्याला डोकं धरून बसायला दोन्ही हात लागायला लागले. मग सुकाणू कोण धरणार?

"वयनी, तुमी या," काका म्हणाले.

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"त्याला तरी काय येतंय? या."

गेले. सुकाणूची दांडी हातात घेतली. काका म्हणाले, वारा कुठशी येतो ते गालाला विचारा, मोबाइलला नको. मी गालाला विचारलं आणि गालाने सांगितलं. खरंच सांगितलं. बोट जरा कलली, पाण्याचा आवाज बदलला, आणि ती निघाली. एक्कावन्न वर्षं मी एका जागेवरून दुसरीकडे जायला रिक्षा, बस, नशीब आणि नवऱ्याची स्कूटर यांच्यावर अवलंबून होते. त्या दिवशी फुकटच्या हवेवर मी तीन माणसं हलवली. कुणाला कळू नये म्हणून तोंड वाकडं ठेवलं, पण काकांना कळलं.

"इला जमला," ते नवऱ्याला म्हणाले. "तू आता दोर ओढ."

तेव्हापासून मी सुकाणूला, नवरा दोराला आणि काका हुकूम द्यायला. थंडीत आम्ही बेत केला, खाडीच्या तोंडातून बाहेर पडून घारापुरीपर्यंत जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. नवऱ्याने मोबाइलवर भरती-ओहोटीचं ॲप घेतलं. काकांनी कॅलेंडर बघितलं. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. दशमी होती, म्हणजे साडेसात. ॲपनेही साडेसात सांगितलं. नवरा हिरमुसला, ॲपचे पैसे भरले होते.

साडेआठला निघालो. पाणी उतरायला लागलेलं, सकाळचा जमिनीवरचा वारा पाठीशी, दोन्ही आम्हाला बाहेर ढकलत होते. नव्या विमानतळावरून एक विमान डोक्यावरून गेलं. काकांनी त्याला हात केला. ते विमानांनाही हात करतात.

दहा वाजता वारा मंदावला. समोर खाडी एक मोठं वळण घेत होती. काका म्हणाले, "वयनी, डावीकडं घ्या. आरवा मारू."

आरवा म्हणजे आडवा. नवऱ्याने मोबाइल बघितला. "काका, यात तर इथे उथळ दाखवतंय."

"फोनला काय ठावं? फोन कंदी पोवला हितं? हितं दोन पुरुष पानी हाय. माझा बाप हितंशी मिठाचा मचवा न्यायचा."

एकावर एक दोन माणसं उभी राहिली तरी बुडतील इतकं खोल ते दोन पुरुष पाणी. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. मी बोट डावीकडे वळवली.

साधारण पाच मिनिटांनी खालून खाडकन आवाज आला. कळंबोलीचं लोखंड जमिनीला लागलं होतं.

"पात वर घ्या, पात," काका म्हणाले. नवऱ्याने पात वर ओढली. बोट सुटली, पण ती सुटल्याबरोबर उरलासुरला वारा तिला आणखी आत, उथळावर घेऊन गेला. आता बूडच टेकलं. पाणी उतरतच होतं. नवरा शूरपणे धक्का द्यायला खाली उतरला आणि मांडीपर्यंत चिखलात गेला. तिथून पुढे पंधरा मिनिटं आम्ही बोट विसरलो आणि नवरा काढला. तो निघाला, एक बूट तिथेच राहिला. अजून आहे.

मग शांत झालं. पाणी हळूहळू लांब लांब गेलं आणि आमच्या चारी बाजूंना काळाभोर, चकाकता चिखल उघडा पडला. मी मनात हिशेब केला. सव्वादहाला अडकलो, पावणेदोनला पूर्ण ओहोटी, म्हणजे पाचच्या आधी सुटका नाही.

काका बोटीच्या टोकाला बसले होते. पाठ आमच्याकडे. त्यांनी वल्हं घेतलं, खाली टेकवलं. वीतभर चिखल आणि त्याखाली आणखी चिखल. मग दुसऱ्या बाजूला टेकवलं. मग परत पहिल्या.

"हितं दोन पुरुष होता," ते म्हणाले. आम्हाला नाही. वल्ह्याला.

या क्षणी माझा नवरा काय बोलेल याची मी तयारी ठेवली होती. हा माणूस पंचवीस वर्षांपूर्वी पनवेलला मी चुकीच्या बसमध्ये बसवलं होतं ते अजून सांगतो. माझ्या भाच्याच्या लग्नात व्याख्यानासारखं सांगितलं. आणि आता तर मोबाइल हातात होता, मोबाइलवर पुरावा होता आणि समोर सात तासांचा श्रोतृवर्ग होता. त्याने मोबाइल पिशवीत ठेवला आणि विचारलं, "पोळ्या आत्ता खायच्या का नंतर?"

मी त्याच्याकडे नीट बघितलं. ताप नव्हता.

आम्ही आत्ताच खाल्ल्या. काकांनी अर्धी खाल्ली. त्यांच्या मुलाचा फोन आला, "आबा, पोचलात का?" काका म्हणाले, "हां, मजेत हाव," आणि कट केला. गावातून कुणाला बोलवू या का, असं मी विचारलं. चिखलात कोण कसा येणार, ते म्हणाले. शिवाय गावाला कळलं तर शिमग्यापर्यंत विषय पुरेल.

बाराच्या सुमाराला माझ्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. लिंबूसरबत मीच जास्त प्यायले होते. शिडाच्या बोटींबद्दलच्या कुठल्याही व्हिडिओत यावर एक शब्द नाही, कारण ते सगळे पुरुषांनी काढलेले असतात. शेवटी शीड खाली उतरवलं, आडव्या काठीवरून तंबूसारखं टाकलं, आत मी आणि बादली. दोन्ही पुरुषांना उरणकडे तोंड करून बसवलं.

"वळायचं नाही."

"नाय, वयनी. उरन बघताव."

ताडपत्रीवाल्याने पाडलेल्या भोकांतून उन्हाच्या गोल चकत्या माझ्या अंगावर पडत होत्या. त्यातल्या एका भोकातून मला त्या दोघी दिसल्या.

दोन बायका चिखलातून आमच्याकडेच येत होत्या. कंबरेला टोपल्या, साड्या खोचलेल्या. जिथे नवरा मांडीपर्यंत बुडाला होता तिथे या पोटरीपर्यंतच रुतत, बाजारात चालावं तशा चालत होत्या. चिखलातले खुबे, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला आलेल्या, आणि काकांच्याच गावच्या. मी घाईघाईने तंबूतून बाहेर आले.

"अगो, मामा हाय ह्यो!" पुढची म्हणाली. "मामा, होरी चिखलान का पेरलीस? भातासारखी उगवंल काय?"

दुसरी इतकी हसली की तिला टोपली धरावी लागली. "सगल्या गावाला शिकवतंय, खारी मला ठावं, खारी मला ठावं! आनि सोता बसलाय बघ!"

काकांची मान खाली.

नवरा उठून उभा राहिला. एका पायात बूट, मांडीपर्यंत वाळलेला चिखल. "ताई, चूक माझी," तो म्हणाला. "काका नको म्हणत होते. मीच हट्टाने आत घातली."

बायकांनी त्याला वरून खाली बघितलं. त्याच्या अवताराकडे बघून कुणालाही ते पटलं असतं. "तरीच," पहिली म्हणाली. "साहेब, गारी चालवा तुमी. ह्या नका करू." आणि चार खुबे बोटीत टाकून, परत हसत, त्या निघून गेल्या.

त्या लांब गेल्यावर काका म्हणाले, "खोटा कशाला बोललास?"

"विम्यात तीस वर्षं काढली काका. सवय आहे."

मला एक सांगायला हवं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. या माणसाने दाढी करून वॉशबेसिन एकदाही धुतलेलं नाही, आणि त्या दुपारी चिखलात बसून मला पहिल्यांदा वाटलं, राहू दे, मी धुईन. हा विचार पुढे आठवडाभर टिकला.

पाचच्या आसपास पाणी आलं. आधी चिखलावर ओल्या रेघा, मग बोटीखाली गुळगुळ आवाज, मग एकदम बूड हललं. दुपारनंतरचा समुद्रावरचा वारा सुटला होता. मी बोट सरळ खोल पाण्यात काढली आणि तशीच भरतीबरोबर घरी आणली. काका एकही हुकूम न देता बसले होते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

जेटीवर अर्धं गाव. नवऱ्याचं स्वागत टाळ्यांनी झालं. कुणीतरी त्याला पायातला बूटही मागितला, चिखलातल्याशी जोडी जुळवायला. तो हात जोडत चालला होता. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"त्याला नका हसू. त्यो नको बोलत होता. होरी मी घातली."

गाव दुप्पट हसलं. काका घरी निघून गेले.

पुढचे दोन रविवार खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. सुनेने वर बोट दाखवलं. चौथ्या मजल्यावर गच्चीत, पाण्याच्या टाकीशेजारी काका उभे होते. खाडी बघत.

"गाव हसलं म्हणून रागावलात?" मी विचारलं.

"ह्यॅ. गाव माझ्या बापालाबी हसायचा." त्यांनी खाडीकडे बोट केलं. मग म्हणाले, "वयनी, हिकरून भराव आला, तिकरून पूल आला, ह्या मला दिसत होता. डोल्यासमोर झाला. पन खाली पानी कंदी हलला, त्या मला समजला नाय. पन्नास वर्सं मी खुर्चीवरशी सांगताव, खारी मला ठावं. मी उतरलूच नाय तिच्यान."

मला सांत्वन करता येत नाही. माझी नोकरीच उलटी आहे. मी म्हणाले, "मग चूक आहे ती. मोजमाप न करता पास केलंत. आमच्याकडे यावर मेमो देतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता गच्चीवरून ढकलतील.

पुढच्या रविवारी जेटीवर ते आमच्या आधी हजर होते. हातात पंधरा फुटी बांबू, त्यावर फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे. ऑइलपेंटचा वास अजून येत होता. नवऱ्याला म्हणाले, "फोन काढ. आनि वही."

त्या थंडीत आम्ही कुठेही गेलो नाही. रविवारी सकाळी निघायचं, मी बोट हळूहळू आडवी-उभी फिरवायची, काका बांबू खुपसून ओरडायचे, "सहा! साडेपाच! चिखल!", आणि नवरा वहीत मांडायचा. वाचून दाखवताना दोघांची भांडणं व्हायची. काका पाच म्हणाले होते, नवऱ्याने नऊ लिहिलं होतं. मी मध्ये पडायचे नाही, सुकाणू हातात असलं की माणूस आपोआप थोर होतो. एका रविवारी बांबू चिखलात रुतला, काकांनी तो सोडला नाही, बोट पुढे गेली आणि काका बांबूवर लोंबकळत राहिले. मी वळून परत येईपर्यंत ते घसरत घसरत कंबरेपर्यंत पाण्यात होते आणि शिव्या देत होते. कुणाला, ते स्पष्ट नव्हतं. त्यांच्या सुनेने मला फोन करून विचारलं, "आमच्या आबांचं वय माहितीय ना तुम्हाला?" मी म्हटलं, त्यांनाच माहीत नाही.

दोन पुरुष पाणी सापडलं. जुन्या जागेपासून बरंच उत्तरेला, एका अरुंद पट्ट्यात, जिथे काकांच्या तरुणपणी पोरं ओहोटीला खेळायची. बांबू पूर्ण गेला तरी तळ लागेना, तेव्हा काकांनी तो वर काढला, पाणी निथळू दिलं, आणि परत एकदा खुपसून बघितला. मग विडी पेटवली.

घारापुरीला आम्ही फेब्रुवारीत गेलो. वहीतल्या वाटेने, कुठेही न टेकता. नवरा वाटेत दोनदा ओकला, पण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून नाही. एवढी प्रगती होती. पोचल्यावर काका बोटीतून उतरायला तयार नव्हते.

"त्यो डोंगर सत्तर वर्सं बघताव. तुमी जा."

नवऱ्यानेही पाय गळाल्याचं सांगितलं. मी एकटी वर गेले, पायऱ्या चढले, पर्यटकांच्या गर्दीत अर्धा तास फिरले, एक काकडी तिखट-मीठ लावून खाल्ली आणि खाली आले. दोघं बोटीत आडवे. काकांच्या तोंडावर टोपी, नवऱ्याच्या तोंडावर वही. घोरण्याची जुगलबंदी चाललेली. पाणी चढायला लागलं होतं, वारा माझ्या डाव्या गालावर होता.

मी दोर सोडला, शीड चढवलं आणि निघाले. कुणी हुकूम दिला नाही, कुणी दोर ओढला नाही, सगळं मीच केलं. अर्धी वाट सरली तेव्हा काकांची टोपी हलली.

"पोचलो काय, वयनी?"

"नाही. झोपा."

ते झोपले.